जुन्या संगणकाला रॅम किती हवी? आधी मोजा, मग पैसे काढा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, महिना उरला की आमच्या वाड्यावर घरे झाडायला काढतात. भिंतींना रंग लागतो, माटोळीची (गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची) चौकट माळ्यावरून खाली येते, आणि त्याच ओघात कोपऱ्यातला जुना संगणकही पुसून "जरा बघ रे, फार हँग होतो" म्हणून माझ्यापुढे मांडला जातो. माझे दुकान नाही. फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांची यंत्रे आवडीने उघडून बघतो, आणि गेली पंधरा वर्षे एकच प्रश्न ऐकत आलो आहे: रॅम वाढवली तर काम होईल ना?

कधी होते, कधी होत नाही. मात्र होणार की नाही, हे एक रुपयाही खर्च न करता एका संध्याकाळी घरीच कळते. ती संध्याकाळ कशी घालवायची, आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा आणि मग दुकानात जाऊन नेमके काय मागायचे, एवढेच मला सांगायचे आहे. संगणक आजवर कधी उघडलाच नाही, अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

उदाहरणाला आमच्या वाड्यावरचे एक काका घेतो. गावच्या काल्याला, म्हणजे देवळाच्या उत्सवाला, जे नाटक होते त्याची संहिता ते स्वतः मराठीत टाइप करतात. तालमीचे रेकॉर्डिंग ऐकतात, जमिनीचे जुने कागद स्कॅन करून ठेवतात, सकाळी चहाबरोबर तीन-चार मराठी वर्तमानपत्रे उघडून बसतात. संगणक दहा-बारा वर्षांचा: दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर (सगळे हिशेब करणारी मुख्य चिप), एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी; चिपसेट म्हणजे तिच्यावरची नियंत्रक चिप), ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची ५०० जीबीची हार्ड डिस्क, ६४ बिटचे विंडोज १०. एका दुकानात त्यांना सांगितले होते, "१६ जीबी टाका, नाहीतर नवाच घ्या." काका नवा घेण्याच्या तयारीत होते. मी म्हटले, "काका, दोन दिवस थांबा. आधी मोजून बघू."

रॅम नेमके काय करते

काकांना मी नाटकाच्याच भाषेत सांगितले. रॅम म्हणजे रंगमंच आणि हार्ड डिस्क म्हणजे रंगपट. मंचावर जागा आहे तोवर पात्रे तिथेच उभी असतात, आपले वाक्य आले की लगेच बोलतात. मंच अपुरा पडला की एकाला रंगपटात पाठवल्याशिवाय दुसऱ्याला वर येता येत नाही. प्रयोग बंद पडत नाही, पण प्रत्येक वाक्याआधी प्रेक्षक ताटकळतात. तो रंगपट किती लांब आहे बघा. रॅममधली माहिती प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. फिरत्या तबकडीवरची तीच माहिती शोधायला १० मिलीसेकंदांच्या आसपास लागतात. हा फरक लाख पटींचा आहे. माउस हलतो पण काहीच उघडत नाही, आणि डब्यावरचा लाल दिवा सतत जळत राहतो, तेव्हा आत हीच ये-जा चाललेली असते.

यातूनच दुसरी गोष्ट निघते आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. मंच पुरेसा असेल तर तो आणखी मोठा केल्याने पात्रे भराभर बोलू लागत नाहीत. ज्याला ६ जीबी लागतात त्याला ८ दिल्यावर संगणक सुटसुटीत होतो. १६ दिले तरी तो तेवढाच सुटसुटीत राहतो.

एवढी रॅम लागायला लागली कधीपासून? २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले तेव्हा किमान गरज ६४ एमबीची होती. २००९ च्या विंडोज ७ ला ३२ बिटसाठी १ जीबी आणि ६४ बिटसाठी २ जीबी लागत. २०२१ च्या विंडोज ११ ची किमान गरज ४ जीबी आहे. म्हणजे वीस वर्षांत ६४ पट. तरीही घरच्या संगणकावर खरा भार विंडोजचा नसतो, ब्राउझरचा असतो. आजचे वर्तमानपत्राचे एक पान म्हणजे मजकूर, जाहिराती, हलती चित्रे आणि मागे चालणारे डझनभर छोटे प्रोग्राम. क्रोम प्रत्येक संकेतस्थळासाठी सहसा वेगळी प्रक्रिया चालवतो. २०१८ मध्ये सुरक्षेसाठी ही विभागणी अधिक काटेकोर केली, तेव्हा त्यापायी रॅमचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो असे खुद्द गूगलनेच सांगितले होते. काकांच्या चार वर्तमानपत्रांनीच त्यांच्या संहितेची जागा अडवली होती.

पायरी १: एक संध्याकाळ मोजणीसाठी

संगणक सुरू करून पाच-सात मिनिटे त्याला हात लावू नका. सुरुवातीची त्याची स्वतःची धावपळ संपू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. चौकट लहान असेल तर खालच्या "मोअर डिटेल्स"वर टिचकी मारा, मग "परफॉर्मन्स" आणि डावीकडचे "मेमरी". चार आकडे वहीत लिहायचे आहेत: "इन यूज", "ॲव्हेलेबल", "कमिटेड" आणि उजव्या बाजूचे "स्लॉट्स यूज्ड". डावीकडे "डिस्क" दिसते, तिची टक्केवारीही टिपा.

आता नेहमीचे काम करा, अगदी तुमच्या वाईट दिवशी करता तसे. सगळी वर्तमानपत्रे उघडा, ईमेलची पत्रपेटी उघडा, वर्डमधली सगळ्यात मोठी फाइल उघडा, मुलाला व्हिडिओ कॉल लावा. बरेच लोक मोजताना संगणकाशी सौम्यपणे वागतात आणि मग आकडा खोटा येतो. डॉक्टरकडे जाताना ताप उतरवून गेल्यासारखे ते होते. दर अर्ध्या तासाने तेच आकडे पुन्हा लिहा. विशेषतः संगणक अडखळतो त्या क्षणी लिहा.

काकांच्या वहीतली सगळ्यात वाईट ओळ अशी होती: इन यूज ३.६, ॲव्हेलेबल ०.३, कमिटेड ६.२, डिस्क १०० टक्के.

विंडोज ७ वर अजून कोणी असेल तर हाच आकडा टास्क मॅनेजरच्या "परफॉर्मन्स" पानावर "कमिट" नावाने दिसतो.

पायरी २: आकडे वाचायचे कसे

सगळ्यात महत्त्वाचा आकडा "कमिटेड"मधला, तिरक्या रेघेआधीचा, पहिला. सगळ्या प्रोग्रामांनी मिळून किती जागा मागून ठेवली आहे, ते तो सांगतो. मागितलेली सगळीच जागा कोणी वापरत नाही, म्हणून खरी गरज याहून थोडी कमीच असते. थोडा जास्तीचा अंदाज विकत घेताना बरा. "इन यूज"वर विसंबू नका. ४ जीबीच्या संगणकात तो ४ च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून गरज ५ ची आहे की ९ ची हे त्यावरून कळत नाही.

माझा हिशेब असा. संध्याकाळभरातला सगळ्यात मोठा "कमिटेड" आकडा साडेतीनच्या आत राहिला, तर ४ जीबी पुरेत. चार ते सातच्या दरम्यान असेल तर ८ घ्या. आठाच्या वर वारंवार जात असेल तरच १६ चा विचार करा. घरगुती वापरात असे मी फार क्वचित पाहिले आहे. गेल्या काही वर्षांत ज्यांना १६ खरेच लागले, त्यांतला एक मुलगा व्हिडिओ संपादन करायचा आणि दुसरी मुलगी वास्तुरचना शिकत होती.

या आकड्याला "ॲव्हेलेबल" आणि "डिस्क" यांची साक्ष जोडा. "ॲव्हेलेबल" अर्ध्या जीबीच्या खाली आणि डिस्क मिनिटामिनिटाला १०० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी आहे, शंका नको. "ॲव्हेलेबल" दीड-दोन जीबी शिल्लक आहे आणि तरी डिस्क १०० टक्के, तर दोष डिस्कचा आहे. अशा वेळी रॅमवर पैसे घालू नका. दोन्ही ठीक आणि "सीपीयू" सतत १०० टक्के, तर प्रोसेसर दमला आहे आणि त्याला रॅमचे औषध नाही.

काकांचा ६.२ हा आकडा आणि एकूण रॅम ४. त्यांना ८ जीबी हवेत, १६ नव्हेत. आकडा वहीत उतरला आणि नव्या संगणकाचा विषय तिथेच संपला.

रॅम वाढवल्यावर पुन्हा मोजाल तर "इन यूज" आधीपेक्षा मोठा दिसेल. दचकू नका. आधी जागेअभावी डिस्कवर ढकलले जाणारे भाग आता रॅममध्येच राहतात. शिवाय उरलेल्या जागेत विंडोज पुढे लागेलसे वाटणारे आधीच आणून ठेवते आणि गरज पडली की लगेच सोडते. म्हणूनच "रॅम साफ करणारे" प्रोग्राम कधी घालू नका. ते चांगल्या पात्रांना उगाच रंगपटात हाकलतात आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना परत बोलवावे लागते.

कोणते काम किती खाते

६४ बिटचे विंडोज १० नुसते उघडून बसले तरी माझ्या पाहण्यात दीड ते दोन जीबी घेते. वर्डमधली शंभर पानांची मराठी संहिता त्यापुढे काहीच नाही. देवनागरी टंक जड असतात म्हणून संगणक मंदावतो, असा एक समज मी ऐकतो. तो खरा नाही. ब्राउझरचा साधा टॅब पन्नासेक एमबीत भागतो, पत्रपेटी किंवा नकाशा दोन-तीनशे एमबी सहज घेतो. दहा टॅब म्हणजे किती, ते तुम्हीच मांडा.

स्कॅनकडे मात्र नीट बघा, कारण गोव्यात हे काम घरोघरी निघते. पोर्तुगीज काळातले दस्तऐवज, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, आजोबांच्या नावचे नकाशे. ए-४ आकाराचा एक कागद ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केला तर तो सुमारे २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचा होतो आणि प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरून रॅममध्ये २६ एमबी घेतो. ६०० डीपीआयवर तोच कागद १०४ एमबींचा होतो. डिस्कवर फाइल तीन-चार एमबींची दिसते, कारण तिथे ती दाबून ठेवलेली असते. उघडताना ती पूर्ण पसरते. काका प्रत्येक कागद ६०० वर स्कॅन करत आणि वीस कागद एकदम उघडत. वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी ३०० पुरते. फिकट शाईचा, किडे लागलेला कागद असेल तर मात्र ६०० च ठेवा. ते कागद पुन्हा मिळणारे नाहीत, तिथे काटकसर करू नका, फक्त एका वेळी दोन-तीनच उघडा.

ध्वनिमुद्रणाचे उलट आहे. भजनाचे तासाभराचे रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये संपादित करताना ३२ बिट स्टिरिओला सव्वा जीबीच्या आसपास जागा लागते, पण ती डिस्कवर, रॅममध्ये नव्हे. सप्ताहातली रेकॉर्डिंगे सांभाळणाऱ्या भजनी मंडळाला ४ जीबी रॅम आणि मोठी डिस्क जास्त कामाची.

पायरी ३: ३२ बिट की ६४ बिट

"सेटिंग्ज"मध्ये "सिस्टम" आणि त्यात "अबाउट" उघडा. "सिस्टम टाइप"समोर ३२ बिट लिहिले असेल तर थांबा. ३२ बिटचे घरगुती विंडोज ४ जीबीपलीकडे बघूच शकत नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स व इतर यंत्रणांना राखून ठेवल्यामुळे हाती सव्वातीन-साडेतीन जीबी लागतात. अशा संगणकात ८ जीबी घातलेले मी पाहिले आहेत. अर्ध्याहून अधिक रॅम वर्षभर नुसती बसून होती.

त्याच पानावर "एक्स६४ बेस्ड प्रोसेसर" असे लिहिलेले असेल तर ६४ बिटचे विंडोज घालता येते. विंडोज १० चा परवाना दोन्हींना चालतो. मात्र ते वरच्यावर बदलत नाही, सगळे पुसून नव्याने घालावे लागते. फोटो आणि कागद आधी दुसरीकडे काढून ठेवा. हे वाक्य दोनदा वाचा.

पायरी ४: कोणती रॅम, आणि मदरबोर्ड किती घेतो

रॅमच्या पट्ट्यांच्या पिढ्या असतात आणि एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण पट्टीच्या कडेतला काप वेगळ्या जागी असतो. डीडीआर४ ला २८८ पिना. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टीच चुकीची आहे.

आपली पिढी ओळखायला पट्टीवरचे लेबल वाचा. पीसी२ ने सुरू होत असेल तर डीडीआर२, पीसी३ असेल तर डीडीआर३, पीसी४ असेल तर डीडीआर४. पीसी३-१०६०० म्हणजे १३३३ वेगाची, पीसी३-१२८०० म्हणजे १६०० ची. डबा उघडायचा नसेल तर सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम सगळे सांगतो. त्यात एकच गोंधळ होतो. तो वेग निम्मा दाखवतो. १३३३ ची डीडीआर३ तिथे ६६५ च्या आसपास दिसते, आणि "६६७ आहे, म्हणजे डीडीआर२" असे समजून लोक चुकीची पट्टी घेऊन येतात. वेग बघू नका, "टाइप"समोर काय लिहिले आहे ते बघा.

त्याच प्रोग्रामच्या "मेनबोर्ड" पानावर मदरबोर्डाचे नाव मिळते. त्या नावाने उत्पादकाच्या संकेतस्थळावर जास्तीत जास्त किती रॅम चालते ते शोधा. आपल्याकडच्या घरांत सारखे भेटणारे चिपसेट असे: जी३१ ला डीडीआर२ आणि जास्तीत जास्त ४ जीबी. जी४१ ला ८ पर्यंत. एच६१ आणि एच८१ ला दोन खाचा, डीडीआर३ आणि १६ पर्यंत.

जी४१ वाल्यांनी इथे सावध राहावे. हा चिपसेट दाट चिपची नवी पट्टी ओळखत नाही. ४ जीबीची डीडीआर३ पट्टी घेताना तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असायला हव्यात. एकाच बाजूला ८ चिप असलेली पट्टी दुसऱ्या संगणकात उत्तम चालेल, तुमच्याकडे पडदा काळाच राहील. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगल्या पट्ट्या "खराब" म्हणून परत जातात. दुसरा सापळा म्हणजे फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या मदरबोर्डांवर चालणारी स्वस्त रॅम. ऑनलाइन भाव फारच कमी दिसला तर वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते. इंटेलच्या मदरबोर्डावर ती चालत नाही.

लॅपटॉपची पट्टी आखूड असते. चौथ्या पिढीच्या आणि नंतरच्या डीडीआर३ लॅपटॉपांना बहुधा १.३५ व्होल्टची, म्हणजे लेबलवर पीसी३एल लिहिलेली पट्टी लागते. ती जुन्या १.५ व्होल्टच्या खाचेतही चालते, म्हणून शंका असेल तर एल वालीच घ्या. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते. तिथे वाढवायला जागाच नसते.

काकांच्या "स्लॉट्स यूज्ड"समोर दोनपैकी एक होता, म्हणजे एक खाच रिकामी. ४ जीबीची १३३३ ची आणखी एक पट्टी आणली की झाले. आहे तशीच दुसरी पट्टी घेण्याचा आणखी एक फायदा: दोन सारख्या पट्ट्या जोडीने काम करतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याने चांगला हात लागतो. वेग वेगवेगळे असले तर दोन्ही हळूच्या वेगाने चालतात, बिघडत काही नाही.

जुनी रॅम सेकंडहँड घ्यायला मी कचरत नाही. तिच्यात फिरणारा भाग नसतो, झिजायला काही नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत काढून ठेवलेल्या पट्ट्या असतात. फक्त "चालली नाही तर परत" हे आधी बोलून घ्या आणि मदरबोर्डाचे नाव लिहिलेला कागद बरोबर न्या.

आधी रॅम की आधी एसएसडी

एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क. मोजणीत रॅम आणि डिस्क दोन्ही कमी पडलेले दिसले आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर माझे मत असे: २ जीबी असतील तर आधी रॅम, ४ असतील तर आधी एसएसडी. ४ जीबीवर एसएसडी घातली की रंगपट मंचाच्या अगदी शेजारी येतो. पात्रांची ये-जा चालूच राहते, पण ताटकळणे बरेचसे संपते. शिवाय सुरू होण्याचा वेळ, प्रोग्राम उघडण्याचा वेळ यांत जो फरक पडतो तो नुसत्या रॅमने पडत नाही. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) एसएसडी दहा-पंधरा वर्षांच्या मदरबोर्डालाही लागते. जुन्या साटा-२ वर तिचा वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आत अडतो, तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत जमीन-अस्मान फरक राहतो. काकांनी दोन्ही केले: ४ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी. जुनी डिस्क रेकॉर्डिंग ठेवायला आतच राहू दिली.

पेन ड्राइव्ह लावून "रॅम वाढवायची" रेडीबूस्ट नावाची सोय विंडोज १० मध्ये आहे. ती रॅम नाही, आणि एसएसडी असेल तर तिचा उपयोग शून्य.

जिथे पैसे घालू नयेत

डिचोलीच्या एका मावशींकडे जी३१ चा संगणक होता, डीडीआर२ ची २ जीबी, ३२ बिटचे विंडोज ७. त्यांना भजने ऐकायची, नातवाचे फोटो बघायचे आणि वीजबिल भरायचे. विंडोज ७ ची सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, त्यामुळे पैशांचा व्यवहार त्यावर करणे धोक्याचे. रॅम वाढवून तो धोका जात नाही. तिथे मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घातली. तिची किमान गरज २ जीबी आहे, सुखाने चालायला ४ सुचवतात. मावशी एका वेळी दोन-तीन टॅब उघडतात, तेवढ्याला २ पुरतात. मराठी टायपिंगही तिच्यात आहे.

विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे रॅम कितीही वाढवा, काकांचा संगणक त्या यादीत येत नाही. हे मी त्यांना रॅम आणण्याआधीच सांगितले, आणि पुढे मिंटवर जाण्याची त्यांची तयारी आहे. तिथे ८ जीबी वाया जाणार नाहीत.

आणि माळ्यावर २००० च्या दशकाच्या सुरुवातीचा, गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीला मिळालेला संगणक अजून असेल, तर त्याच्यासाठी रॅम शोधत फिरू नका. त्याच्या डिस्कवरचे फोटो आणि लिखाण तेवढे काढून घ्या.

पायरी ५: बसवणे, गोव्याच्या हवेत

प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढल्यावर पॉवरचे बटण पाच सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज जाते. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. पावसाळ्याच्या दमट हवेत ती कमी साठते, डिसेंबर-जानेवारीत जास्त, पण सवय बारा महिने ठेवा.

खाचेच्या टोकांचे चाप बाहेर दाबा, पट्टीतला काप खाचेशी जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. चाप "टक्" करून मिटले पाहिजेत. पहिल्यांदा करणारा घाबरून अर्धवट दाबतो आणि मग संगणक सुरू होत नाही. नव्याण्णव वेळा कारण हेच असते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल घरात भिनते, किनाऱ्याजवळ वर खारा वारा. पट्टीच्या सोनेरी कडेवर आणि खाचेतल्या पिनांवर मळाचा पातळ थर चढतो. चार महिने बंद राहिलेला संगणक चवथीला सुरू होत नाही आणि नुसता लांब बीप देत राहतो, तो बहुतेकदा यामुळे. पट्टी काढा, सोनेरी कड स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलकेच घासा, चुरा ब्रशने झाडा, पुन्हा बसवा. खाचेत तोंडाने फुंकू नका, फुंकरीबरोबर ओल जाते. पावसाळ्याच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तासभर संगणक चालू ठेवला तर आतल्या उबेने ओल धरत नाही. हे करून पाहिल्यापासून माझ्याकडे पावसानंतर येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या आहेत. डबा उघडलाच आहे तर मागच्या फटी बघा, पाली आणि मुंग्या तिथूनच आत शिरतात.

पायरी ६: बसवल्यावर

टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण रॅम दिसते का बघा. पट्टी दिसते पण "हार्डवेअर रिझर्व्ह्ड"समोर मोठा आकडा असेल, तर "रन"मध्ये (विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबले की उघडणारी चौकट) एमएसकॉन्फिग (msconfig) उघडून "बूट", मग "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" आणि तिथे "मॅक्झिमम मेमरी"समोर खूण आहे का पाहा. असेल तर काढा. वेग वाढतो असे ऐकून कोणीतरी ती कधीतरी लावलेली असते.

मग तपासणी. "रन"मध्ये एमडीशेड (mdsched) लिहा, संगणक पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतो. ८ जीबीला वेळ लागतो, म्हणून वीज जाण्याची शक्यता कमी असेल अशी वेळ निवडा किंवा यूपीएसवर लावा. काकांच्या संगणकावर आम्ही ती रात्री लावली आणि सकाळी पडदा स्वच्छ होता. त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा वहीत आकडे लिहिले: कमिटेड ६.५, ॲव्हेलेबल २.४, डिस्क ४ टक्के. दुसऱ्या अंकाचे टाइपिंग तेव्हा सुरू होते आणि चारही वर्तमानपत्रे उघडी होती.

तपासणीत दोष निघाला तर एक-एक पट्टी एकटी लावून तीच तपासणी करा. दोष नव्या पट्टीत आहे की जुन्या, की खाचेत, हे अशानेच कळते. दोषी पट्टी ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी दुकानात परत न्या.